आठवड्यातून एकदाच! दूरदर्शनच्या पाच मालिका आणि एक हरवलेली

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

 

आजचा भाग जरा वेगळा आहे. तुमच्यापैकी बरेच जण विचारत असतात, "ताई, तू एवढ्या सिरियल्स बघतेस, मग काही सजेस्ट कर ना." तर आज मी करणारच आहे. पाच मालिका सांगणार आहे. पण अट अशी की या पाचही मालिका माझ्या जन्माच्या आधी सुरू झालेल्या आहेत आणि पाचही आठवड्यातून एकदाच लागायच्या. शेवटी सहावी एक सांगणार आहे, जी तुम्ही धड बघू शकणार नाही. खरं तर आजचा सगळा भाग त्या सहावीमुळेच सुचला.

सुरुवात करूया २०२० पासून. लॉकडाऊन आठवतोय ना? मार्चच्या शेवटी दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवायला सुरुवात केली. सकाळी ९ वाजता एकदा, रात्री ९ वाजता एकदा. आमच्याकडे आजी, बाबा, आई, आत्या आणि मी, सगळे हॉलमध्ये. पहिले चार दिवस मजा आली. पाचव्या दिवशी आजी उठून आत गेली. मी म्हटलं, "काय गं आजी, बघत नाहीस?" तर म्हणाली, "अगं, श्वास तरी घेऊ दे. सकाळी वनवासाला निघाले, संध्याकाळी नदी ओलांडून पार. आम्हाला मधे आख्खा आठवडा मिळायचा, दुःख करायला!"

आम्ही हसलो. पण नंतर मी हिशोब केला. मूळ रामायण २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ ला संपलं. ७८ भाग, दर रविवारी सकाळी एक, म्हणजे दीड वर्ष. तेच २०२० मध्ये साधारण तीन आठवड्यांत संपलं. गोष्ट तीच, नट तेच, संवाद तेच. बदललं काय? मधले सहा दिवस गेले.

आणि मला वाटतं, तिथेच खरी गंमत होती. साप्ताहिक मालिका म्हणजे नुसता अर्ध्या तासाचा एपिसोड नव्हे. अर्धा तास अधिक सहा दिवस, अशी ती मालिका. त्या सहा दिवसांत लोक काय करायचे, हाच आजचा विषय.

आधी थोडा इतिहास

भारतात टीव्ही आला १५ सप्टेंबर १९५९ ला, तोही दिल्लीत, प्रयोग म्हणून. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, वरळीत. पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यातही चित्र दिसू लागलं. सगळं कृष्णधवल, संध्याकाळचे काही तास आणि चॅनेल एकच. रंग आले १९८२ मध्ये, त्याच वर्षी दिल्लीत एशियाड झालं. १९८४ मध्ये 'हम लोग' आली आणि तिच्याबरोबर प्रायोजित मालिकांचं युग सुरू झालं. मॅगी नूडल्स घरोघरी पोचायला त्या मालिकेचा मोठा हात होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

त्या काळात मुंबई दूरदर्शनवर 'साप्ताहिकी' नावाचा एक कार्यक्रम असायचा. पुढच्या आठवड्यात काय काय लागणार, ते सांगणारा कार्यक्रम. विचार करा, फक्त वेळापत्रक सांगायचं आणि लोक तेही मन लावून बघायचे! आमची आत्या तेव्हा शाळेत होती. ती वही-पेन घेऊन बसायची. ती वही अजून आहे. मागच्या पानांवर बीजगणित आणि पुढच्या पानांवर टीव्हीचं टाइमटेबल.

बरं, लगेच "काय सोनेरी दिवस होते" असं म्हणायला जाऊ नका. आजी गिरगावातल्या चाळीत राहायची. मजल्यावर टीव्ही एकच, तो शेजाऱ्यांकडे. मुलं पुढे सतरंजीवर, पुरुष खुर्च्यांवर आणि बायका स्वयंपाक आटोपून आल्या तर दाराशी उभ्या. आजी म्हणते, "मी अर्ध्या मालिका मानेच्या कोनातून बघितल्यात." चॅनेल सरकारी होतं, त्यामुळे काय दाखवायचं हे सरकारच ठरवणार. लोक वाट बघायचे कारण दुसरा पर्यायच नव्हता. हे सगळं मान्य. पण अशा कमतरतेतूनही काही चांगलं निघालं, तेही बघूया.

पहिली: रजनी (१९८५)

दिग्दर्शक बासू चॅटर्जी. रजनी झाली होती प्रिया तेंडुलकर, म्हणजे विजय तेंडुलकरांची मुलगी. एक साधी गृहिणी, साडी, मोठं कुंकू. गॅसचा सिलिंडर देणारा माणूस जास्त पैसे मागतो, तर ही भांडते. कोणी अडवणूक केली की ही थेट साहेबापर्यंत जाते. बास, एवढंच. खून नाही, सासू-सून नाही.

पण झालं काय, रविवारी रजनी गॅसवाल्याशी भांडली की सोमवारी घरोघरच्या बायकांना वाटायचं, आपणही विचारावं. टॅक्सीवाल्यांवरच्या भागानंतर तर मुंबईतले टॅक्सीवाले निषेध करायला रस्त्यावर उतरले होते. कल्पना करा, मालिकेतलं एक पात्र आणि त्याच्याविरुद्ध खरेखुरे चालक! आज एखादा एपिसोड आवडला नाही तर आपण फार तर एक मीम बनवतो आणि 'नेक्स्ट' दाबतो. तेव्हा 'नेक्स्ट' नव्हतं, म्हणून राग सहा दिवस टिकायचा.

आत्या सांगते, आजीने आयुष्यात पहिल्यांदा रेशन दुकानदाराला "वजन पुन्हा करा" म्हटलं ते रजनीच्या दिवसांत. आजी म्हणते, "काहीतरीच! मी आधीपासूनच भांडकुदळ होते." दोघींमधलं खरं कोणाचं, ते मी ठरवत नाही, मला अजून याच घरात राहायचंय.

दुसरी: मालगुडी डेज (१९८६-८७)

ही नावाने तरी सगळ्यांना माहीत असते. आर. के. नारायण यांच्या कथा आणि सुरुवातीची रेखाचित्रं त्यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची, म्हणजे आपल्या 'कॉमन मॅन'चे लक्ष्मण. दिग्दर्शक शंकर नाग. कन्नड सिनेमाचा मोठा स्टार, पण सुरुवातीच्या काळात मुंबईत मराठी रंगभूमीच्या वर्तुळात वावरलेला माणूस. चाफेकर बंधूंवरचा '२२ जून १८९७' हा मराठी सिनेमा आहे ना, त्याच्या लेखनातही त्याचा सहभाग होता.

मालगुडी हे काल्पनिक गाव. ते उभं केलं कर्नाटकातल्या आगुंबे या पावसाळी गावात. छोटा स्वामी झाला होता मास्टर मंजुनाथ आणि त्याचे वडील गिरीश कार्नाड.

ही का बघायची? कारण हिला घाई नाही. एखाद्या भागात काय घडतं विचाराल तर, एक मुलगा शाळेत जायचं टाळतो. झालं! पण तो भाग संपल्यावर लगेच पुढचा लावू नका, एवढी माझी विनंती. एक बघा आणि फोन ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना तो स्वामी आठवेल. मी हे मुद्दाम करून पाहिलंय. आधी एका रात्रीत दहा भाग संपवले होते, त्यातला एकही नीट आठवत नव्हता. मग पुन्हा सुरुवात केली, दर बुधवारी एक. ते भाग आजही सांगू शकते.

शंकर नाग १९९० मध्ये मोटार अपघातात गेला. वय अवघं ३५. एवढ्या कमी वयात हे एवढं काम करून ठेवलंय, हे बघताना डोक्यात राहू द्या.

तिसरी: भारत एक खोज (१९८८)

आता तुम्ही म्हणाल, "ताई, ही तर शाळेत दाखवायचे तसली." थांबा जरा.

नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' कुठे लिहिलं माहितीये? आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात पकडून त्यांना तिथे ठेवलं होतं आणि १९४४ मध्ये काही महिन्यांत त्यांनी हे पुस्तक लिहून काढलं. श्याम बेनेगल यांनी त्यावरून ५३ भागांची मालिका केली. ५३ भाग आठवड्याला एक, म्हणजे जवळजवळ आख्खं वर्ष. सिंधू संस्कृतीपासून स्वातंत्र्यापर्यंत.

रोशन सेठ नेहरूंच्या भूमिकेत. ओम पुरी निवेदन करतात आणि मधूनच स्वतः पात्रं होतात. कधी अशोक, कधी औरंगजेब. शिवाजी महाराज झालेत नसिरुद्दीन शाह. तुम्ही आजच्या सिनेमांतले महाराज बघितले असतील, भव्य सेट, स्लो मोशन, ढोल. इथे सेट साधे, नाटकासारखे. पण दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात आणि राज्य म्हणजे काय याचा विचार करतात. पहिली दहा मिनिटं संथ वाटेल. त्यानंतर मात्र सोडवत नाही.

बाबा तेव्हा विशीचे होते. ते म्हणतात, रविवारचा भाग झाला की आठवडाभर कॉलेजच्या कट्ट्यावर वाद. "हे असं नव्हतं झालं", "तू कुठे वाचलंस?" मग कोणीतरी ग्रंथालयातून पुस्तक आणायचा. इतिहासावर वाद आपण आजही घालतो, कमेंटमध्ये, चार मिनिटांत. त्यांना वादाच्या मधे पुस्तक वाचायला वेळ मिळायचा. फरक एवढाच आहे, पण तो लहान नाही.

चौथी: सुरभि (१९९० ते २००१)

ही मालिका नाही, साप्ताहिक कार्यक्रम. सूत्रसंचालन सिद्धार्थ काक आणि आपली रेणुका शहाणे. देशातल्या कला, जागा, चालीरीती, विचित्र वस्तू. आज ज्याला आपण 'ट्रॅव्हल व्लॉग' म्हणतो ना, त्याची आजी म्हणजे सुरभि.

आणि दर आठवड्याला एक प्रश्न. उत्तर पोस्टकार्डावर पाठवायचं. साधं पोस्टकार्ड तेव्हा १५ पैशांना मिळायचं. लोकांनी इतकी पत्रं पाठवली, इतकी पाठवली, की गोणीच्या गोणी यायला लागल्या. सवलतीच्या कार्डावर एवढा भार पोस्टालाही परवडेना. शेवटी पोस्ट खात्याने अशा कार्यक्रमांसाठी वेगळं 'स्पर्धा पोस्टकार्ड' काढलं, दोन रुपयांचं. एका टीव्ही कार्यक्रमामुळे टपाल खात्याला नवीन प्रकारचं कार्ड काढावं लागलं! आपण अल्गोरिदमच्या गोष्टी करतो, पण याला म्हणतात 'एंगेजमेंट'.

इथेही बघा, मधले सहा दिवस नसते तर पत्र पोचलंच नसतं. आत्याने अकरा पत्रं पाठवली होती. नंबर एकदाही लागला नाही. तरी तिला त्यातले प्रश्न आठवतात, उत्तरंसुद्धा.

पाचवी: ब्योमकेश बक्षी (१९९३)

पुन्हा बासू चॅटर्जी. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या बंगाली कथा, जुनं कलकत्ता, धोतर नेसलेला डिटेक्टिव्ह. रजित कपूर झाला ब्योमकेश आणि के. के. रैना झाले त्याचा मित्र अजित. ब्योमकेश स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, तो 'सत्यान्वेषी', सत्य शोधणारा.

बहुतेक गोष्टी एका भागात मिटतात. शेवटी कोणी डोंगराला लटकत नाही, कोणाचा चेहरा तीन वेळा तीन बाजूंनी दाखवत नाहीत. तरी लोक पुढच्या आठवड्यात परत यायचे. याचा अर्थ माणसाला परत आणायला टांगून ठेवावंच लागतं, असं काही नाही. माणूस आवडला की पुरतं.

ज्यांना 'सीआयडी' बघून गुन्हेकथांची चटक लागली, त्यांनी तर ही बघाच. आणि जाता जाता एक गोष्ट. सीआयडी १९९८ ला सुरू झाली. त्याआधीच दिग्दर्शक बी. पी. सिंग यांनी मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मराठी पोलीस मालिका केली होती आणि तिच्यातही शिवाजी साटम होते. म्हणजे तुमच्या लाडक्या एसीपी प्रद्युम्नचं मूळ मराठी साप्ताहिक मालिकेत आहे. सांगा मित्रांना!

आणि सहावी, जी हरवली

आता येते मुख्य गोष्टीवर.

मागच्या वर्षी आजीच्या वाढदिवसाला मला तिला सरप्राइज द्यायचं होतं. तिची सर्वांत आवडती मालिका म्हणजे 'चिमणराव गुंड्याभाऊ'. चिं. वि. जोशी यांच्या विनोदी कथांवरची, १९७७ ते ७९ च्या सुमाराची. विजया धुमाळे आणि याकूब सईद यांनी मुंबई दूरदर्शनसाठी केलेली. चिमणराव दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. मराठी घराघरांत पोचलेल्या अगदी पहिल्या मालिकांपैकी एक. मी ठरवलं, सगळे भाग शोधायचे, मोठ्या टीव्हीवर लावायचे आणि केक कापायचा.

शोधायला बसले. एक दिवस, दोन दिवस. काही तुकडे मिळाले, बाकी नाहीच. मग कळलं की बहुतेक भाग आता अस्तित्वातच नाहीत. तेव्हा टेप महाग असायच्या. एक कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर दुसरा रेकॉर्ड करायचे. आधीचा पुसला जायचा. कोणी वाईट हेतूने केलं असं नाही. हे पुन्हा कोणाला बघायचं असेल, असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. ब्रिटनमध्ये बीबीसीने 'डॉक्टर हू' या मालिकेचे १९६० च्या दशकातले कितीतरी भाग असेच घालवले. त्यातल्या नव्वदहून अधिक भागांची चित्रं पुढे कित्येक दशकं सापडली नाहीत. पण त्यांचा आवाज मात्र शिल्लक राहिला. का माहितीये? काही चाहत्या पोरांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो रेकॉर्ड केला होता. आई मागून जेवायला हाका मारतेय आणि पोरगं हातात माईक धरून बसलंय. ज्या संस्थेकडे सगळं होतं तिने पुसलं आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी जपलं.

तर वाढदिवसाच्या दिवशी माझ्याकडे दाखवायला फारसं काही नव्हतं. मी आजीला खरं ते सांगितलं. वाटलं, हिरमुसेल. ती म्हणाली, "मग त्यात काय? मी सांगते." आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिने एक आख्खा भाग करून दाखवला. चिमणरावाचा तो बिचारा, चढत जाणारा आवाज. गुंड्याभाऊचा भरदार आवाज. मधेच आत्या म्हणाली, "नाही गं वहिनी, तेव्हा चिमणराव रागावून निघून गेला." आजी म्हणाली, "छे! हसून गेला. मी दाराशी उभी होते, मला चांगलं दिसत होतं." "मी पुढे सतरंजीवर होते, मला जास्त चांगलं दिसत होतं!"

चाळीसहून जास्त वर्षं झाली आणि या दोघी नणंद-भावजया भांडतायत की एक माणूस हसून गेला की रागावून. निकाल लावायला टेप नाही. तो भाग आता फक्त या दोन डोक्यांत आहे, तोही दोन प्रकारचा.

आणि मला एकदम लक्षात आलं, आजी ८० च्या पुढे आहे.

मी गुपचूप फोन काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिली सात-आठ मिनिटं हुकली होती. नंतरची बावीस मिनिटं आहेत. मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत, बाबांचं खोकणं आहे. तरी आहे.

त्या संध्याकाळनंतर मी आजीबरोबर हे ठरवूनच टाकलं. दर शनिवारी एक मालिका. ती बोलते, मी फोन धरून बसते. एका दिवसात सगळं उरकायचं म्हटलं तर ती नाही म्हणते. म्हणते, "आठवायला मधे आठवडा लागतो."

तर मंडळी, या पाच मालिका जरूर बघा. रजनीचे मोजकेच भाग मिळतील, बाकीच्या शोधल्या की ऑनलाइन सापडतात. शक्यतो आठवड्याला एकच भाग बघा आणि दीडपट वेगाने तर अजिबात नको.

आणि या आठवड्यात एक काम करा. घरात कोणी आजी, आजोबा, आत्या, मामा असतील तर त्यांना विचारा, "तुमची आवडती सिरियल कुठली होती? त्यातला एक भाग सांगा ना." आणि फोनचं रेकॉर्डर चालू करायला विसरू नका. सुरुवातीलाच चालू करा, माझ्यासारखं आठ मिनिटांनी नको.

तोपर्यंत काळजी घ्या, ऐकत राहा. पुढचा भाग पुढच्या आठवड्यात. हो, आठवड्यानेच. आधी मागितलात तरी देणार नाही!